अठ्ठेचाळिसावा सुरुंग

ट्रंकेत सतरा वस्तू होत्या. दोन पदकं, एक शिट्टी, गणवेशावरचे तीन बिल्ले, एक होकायंत्र, पेन्सिलीचे दोन तुकडे, एक वही, चार पत्रं, एक लोकरी मफलर, एक पत्र्याचा मग आणि तळाशी वेटोळं करून ठेवलेला घायपाताचा दोर. मी त्या एकेक करून बाहेर काढल्या आणि सोप्यात चटईवर मांडल्या. परशराम आप्पांना वाकायला जमत नव्हतं. त्यांचा डावा गुडघा गेल्या वर्षापासून दुमडत नाही.

"वही दे," ते म्हणाले. "बाकीचं ऱ्हाऊ दे."

"हा दोर कशाचा, आप्पा?"

"माझ्या बाच्या हातचा हाय. वही दे आधी."

कंग्राळीत आप्पांच्या घरी माडीवरच्या खोलीत मी दीड वर्ष भाड्यानं राहते. माझं गाव निपाणीजवळ. बेळगावातल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडा तेच चढवतात. एरवी ऊस, म्हैस आणि रेडिओ यापलीकडे ते फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम खाली बोलावलं होतं, कारण त्यांना एक पत्र आलं होतं आणि त्याचं उत्तर नकाशा काढून द्यायचं होतं.

पत्र राजस्थानातून होतं, फौजेच्या एका कार्यालयातून. तारीख तीन जानेवारी. मजकूर थोडक्यात असा: दोन हजार एक सालच्या डिसेंबरात सीमेवर तणाव वाढला तेव्हा अमुक गावाच्या शेतात सुरुंग पेरले होते. पुढच्या वर्षी ते काढले. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस मिळाले. न मिळालेल्या एका सुरुंगाभोवतीची जागा तारेचं कुंपण घालून तेव्हापासून पडीक ठेवली आहे. आता त्या शेताचा मालक कुंपणाला लागून डिग्गी खणणार आहे. डिग्गी म्हणजे कालव्याचं पाणी साठवायचा मोठा चौकोनी खड्डा, आपल्याकडच्या शेततळ्यासारखा. काम वीस जानेवारीला सुरू होईल. मूळ नोंदीवर तुमची सही आहे. नोंदीपेक्षा अधिक काही माहिती असल्यास तत्काळ कळवावे.

"काय लिहायचं?" मी विचारलं.

"हेच, की नोंद बरोबर हाय. तू नुसता नकाशा नीट काढ. माझ्या हातानं रेघ सरळ येत न्हाय आता."

वही उघडली. अक्षर बारीक, सरळ. एका पानावर शेताच्या कोपऱ्यातला सिमेंटचा खांब, तिथून निघालेला बांध, बांधाच्या टोकाला खेजडीचं झाड. खांबापासून पहिल्या चाळीस मीटरात बांधाच्या दोन्ही अंगाला सत्तेचाळीस ठिपके. मग मोकळी जागा. आणि एकटा एक ठिपका, पायवाट बांध ओलांडते तिथं. त्याच्यापुढं लिहिलं होतं: खांबापासून ८० मीटर.

"हा एकटा का, आप्पा?"

"पायवाटंवर एक टाक म्हनाले सुभेदार. सगळ्यात शेवटी टाकला."

मी नकाशा काढायला घेतला. पत्रासोबत डिग्गीचा आराखडा जोडला होता, त्यावरची मापंही त्याच कागदावर उतरवली. कुंपण ऐंशी मीटरच्या ठिपक्याभोवती, चारही बाजूंना चार-चार मीटर. म्हणजे खांबापासून शहात्तर ते चौऱ्याऐंशी. डिग्गी खांबाच्या बाजूनं पन्नास मीटरवर सुरू होऊन साडेपंचाहत्तरला संपत होती. कुंपण आणि खड्डा यांच्यात अर्धा मीटर राहत होता.

"कुंपणाच्या आतली जागा तपासली होती ना?"

"ईत न् ईत. पायवाट तवर पुसल्याली, मापावरच बघितलं. सळईनं टोचून. आठ दिस गेले त्यात."

"मग सापडला कसा नाही?"

आप्पांनी रेडिओचं बटण उगाच फिरवलं. "म्हनाले, पान्यानं वाहून गेला असंल. न्हायतर रानडुकरानं उकरला असंल."

आप्पांची बायको जयाबाई, जिला मी आक्का म्हणते, चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "तेवीस वर्षं डुकराच्या नावानं ढकलताय व्हय?"

"तू भाकरी बघ गं."

"भाकरी बघूनच ऐकायलोय मी."

मी विचारलं, सुरुंग पेरल्यावर लगेच नोंद करायची असा नियमच असतो का? आप्पा खुर्चीत जरा ताठ बसले. वर्गात शिकवायचे, म्हणाले. भिंतीवर हिंदीत लिहिलेला तक्ता असायचा. "जिनिव्हाचा करार हाय. सुरुंग टाकलास तर कुटं टाकलास ते लिहून ठेवायचं. जागा तारंनं बंद करायची. लडाई संपली की काढायचं. टाकनारा मरंल, त्याची बदली हुईल, त्यामुळं लिहायचं. आमचा उस्ताद म्हनायचा, काढनाऱ्याला तुझं तोंड दिसत न्हाय, तुझं अक्षर दिसतंय."

रात्री मी माझ्या भावाला फोन केला. श्रेयांस बेळगावातच कायदा शिकतो. त्यानं कराराची पानं पाठवली, एकोणीसशे शहाण्णवची सुधारित प्रत, भारतानं मान्य केलेली. आप्पांनी सांगितलेलं बहुतेक सगळं त्यात होतं. "नोंद चुकीची निघाली तर?" मी विचारलं. श्रेयांस म्हणाला, "त्यावर वेगळं कलम मला दिसलं नाही. पण आक्का, नोंद कशासाठी ठेवायची ते स्पष्ट आहे. नंतर लोक सुरक्षित राहावेत म्हणून. मग चुकीची नोंद काय कामाची?" तो मला आक्काच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नकाशा शाईनं पक्का करायच्या आधी मी आप्पांना सहज विचारलं, की ऐंशी मीटर मोजलं कशानं. माझ्या विषयात हा प्रश्न सवयीनं विचारला जातो; आकड्यापाठोपाठ साधन लिहायचं असतं.

त्यांनी काठीनं चटईवरचा दोर दाखवला.

"त्यानं."

"नोंदीत तर टेप लिहिलंय."

"लिहिलंय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सत्तेचाळीस सुरुंग सरकारी टेपनं मोजून टाकले होते. शेवटचा राहिला तेव्हा जीप आली आणि टेप दुसऱ्या तुकडीकडं गेली. सुभेदार म्हणाले, थांब, तासाभरात परत येईल. पण आप्पांकडं बिस्तऱ्याला बांधलेला बापाच्या हातचा दोर होता. गावातून येताना आणलेला, घायपाताचा वाख काढून, पीळ देऊन वळलेला. राजस्थानात पोचल्यावर निवांत दिवस होते तेव्हा आप्पांनी तो टेपशी लावून मोजला होता आणि दर मीटरला लाल दोऱ्याची गाठ मारली होती. बरोबर वीस गाठी, बरोबर वीस मीटर.

"सरकारी टेप एका जागी तुटून जोडल्याली होती. माझा दोर तिच्यापेक्षा खरा होता. चार डाव टाकला. चार विसा ऐंशी."

"मग हे कळवायला काय हरकत होती?"

"काढताना सुभेदारानं इचारलं, परशराम, टेपनंच मापलं न्हवं? मी म्हनालो, व्हय साहेब. दोर म्हनालो असतो तर गावठी कारभार केलास म्हनले असते. आनि दोर बरोबरच होता की. खोटं ते एवढंच, एका शब्दाचं."

मी दोर मोजला. सोप्यातून अंगणापर्यंत सरळ ताणला, एक टोक आप्पांनी धरलं, माझ्याकडं पोलादी टेप होती. तीन वेळा मोजल्यावर सरासरी १९.८७ मीटर आली. तेरा सेंटिमीटर कमी. चार वेळा टाकला तर फरक बावन्न सेंटिमीटर. चार मीटरचं कुंपण त्याला भरपूर होतं.

"बघ," आप्पा म्हणाले. "तेवीस वर्षांनी एवढं. तवा तर बरोबरच असनार."

मला मान्य करावं लागलं. मी वहीत आकडा लिहिला आणि दोर गुंडाळायला लागले.

अंगणात आक्का बाज आडवी करून तिच्यावर तांब्यानं पाणी मारत होती. बाजेचा काथ्या सैल पडला होता, त्यावर निजणाऱ्या माणसाची पाठ जमिनीला लागेल इतका.

"अगं, नुसतीच भिजवतीस कशाला, वळून घे की," आप्पा म्हणाले.

"वळायला तुमचे हात हायत कुटं? पानी मारलं की ताठ हुतीया आपसूक. उद्या बघा, झोप लागनार न्हाय एवढी ताठ हुईल."

आप्पांच्या हातात अजून दोराचं टोक होतं. ते टोकाकडं बघत राहिले. मग बाजेकडं बघितलं. मग पायरीवर बसले, तो दुमडत नसलेला पाय लांब करून.

"काय झालं?" आक्कानं तांब्या खाली ठेवला.

"धुकं होतं," ते म्हणाले. "चार दिस धुकं होतं, जया. कापडं पिळून घालत होतो आमी."

मला कळायला तेवढंच पुरे होतं. वाखाच्या तंतूत पाणी शिरलं की तंतू फुगतो. पीळ दिलेला दोर जाड होतो आणि जाड झाला की लांबी घटते. गाठी जागच्या जागी राहतात, पण दोन गाठींतलं अंतर एक मीटर राहत नाही. कोरड्या दिवशी मारलेल्या गाठी, ओल्या दिवशी टाकलेला दोर. सुरुंग ऐंशीच्या अलीकडं असणार. किती अलीकडं, ते मोजल्याशिवाय सांगता येत नव्हतं. शहात्तरच्या अलीकडं असेल तर तो कुंपणात नव्हता, डिग्गीत होता.

"आज बारा तारीख," मी म्हणाले. "आठ दिवस आहेत."

जुना दोर एकटा पुरला नसता. तेवीस वर्षांत तंतू कडक होतात, नवा दोर जास्त आखडू शकतो. म्हणून खानापूरकडच्या एका गावात भरमू म्हणून एक म्हातारे होते, ते अजून घायपाताचे दोर वळतात, त्यांच्याकडं मी दुपारीच बसनं गेले. वाख, जाडी आणि पीळ जुन्यासारखाच हवा, असं सांगून जुन्या दोराचा, शेवटच्या गाठीपलीकडून कापलेला तुकडा पुढं केला.

भरमू मामांनी तो बोटांत फिरवला, वास घेतला. "हे वळनारा मानूस हाय का अजून?"

"नाही. वारले."

"चांगला हात होता. आता नायलॉन सोडून हे कोन मागतंय? कशाला पायजे, जनावराला का?"

"मोजायला."

"दोरानं मोजनार?" ते हसले. "टेप न्हाय मिळत व्हय बेळगावात? कालेजातली पोरं तुमी."

दोर मंगळवारी संध्याकाळी मिळाला. रात्रभर आम्ही दोन्ही दोर घरामागच्या रानात दंवाच्या गवतावर टाकून ठेवले. इथलं दंव तिथल्या धुक्याएवढं नसणार, म्हणून पहाटे वरून पाणीही शिंपडलं. उजाडल्यावर मी पोलादी टेप जमिनीवर पसरली आणि आप्पांना दोर तेव्हा ओढला होता तसाच ओढायला सांगितलं. त्यांना गुडघ्यावर बसता येईना. आक्कानं पाटावर पोतं टाकलं, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बसवलं.

"एवढा जोर नको हो," ती म्हणाली. "सुरुंग टाकायला निघालाय का काय?"

"तवा एवढाच लावलावता."

"तवा एकेचाळीस वर्षांचे होता."

मी आकडा म्हणायची आणि आक्का तो मोठ्यानं परत म्हणायची, चूक होऊ नये म्हणून. असं नऊ वेळा केलं. जुना दोर कोरडा १९.८७, ओला १८.७१. नवा दोर कोरडा २०.००, ओला १८.५८. जुना शेकडा ५.८ आखडला, नवा शेकडा ७.१. नोंदीतल्या ऐंशी मीटरला ते लावलं तर जुन्या दोरानं ७५.३ येत होते, नव्यानं ७४.३. दोन्ही आकडे कुंपणाच्या बाहेर होते. दोन्ही डिग्गीच्या आत होते.

आप्पांनी कागद हातात घेतला आणि खूप वेळ वाचला. त्यावर चारच ओळी होत्या.

"जेसीबीवाला असतो त्यात," ते म्हणाले. "आनि मागं माती ओढायला बाया असत्यात."

घरात आल्यावर आक्का त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं पदर कमरेला खोचला होता.

"लिहायचंच हाय का सगळं? दोर भिजून आखडतो एवढंच लिवा की. टेपचं कशाला काढताय?"

"टेप म्हनून लिवलंय वर. दोर कुटनं आला म्हनून इचारतील."

"पेन्शन बंद केली म्हंजे? सही तुमची हाय. खोटी सही म्हनतील. गावात तोंड कसं दाखवायचं? झेंडा तुमी चढवताय दर वर्षी."

"न्हाय चढवत मग."

"मी झेंड्याचं बोलत न्हाय!"

"मी पन न्हाय बोलत." आप्पांचा आवाज मोठा झाला नाही. "जया, नुसतं दोर आखडतो म्हनून लिवलं तर तो साहेब म्हनंल, आमची मापं टेपची हायत, दोराचा संबंध काय. आनि कागद फायलीत घालंल. वीस तारखंला खड्डा चालू."

आक्कानं चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळानं मला म्हणाली, "तू चहा घे गं, मग लिहायला बस. अक्षर चांगलं काढ."

जबाब आप्पांनी सांगितला, मी लिहिला. हिंदीत. जीप, टेप, दोर, धुकं, चार वेळा टाकणं, सुभेदारांचा प्रश्न आणि आपलं उत्तर. त्या उत्तरापाशी मी थांबले आणि विचारलं, की असं लिहू का, की त्या वेळी गैरसमज झाला. ते म्हणाले, "गैरसमज कसला? मला माहीत होतं. खोटं बोललो असं लिव." मी तसं लिहिलं. सही त्यांनी स्वतः केली. खाली मोजमापाचा तक्ता जोडला, त्यात चुकीची शक्यताही लिहिली: ७४.३ ते ७५.३ ही फक्त अटकळ आहे, दोराचा पीळ आणि ओल नक्की किती होती ते आता कळू शकत नाही. कॉलेजात जाऊन सगळं स्कॅन केलं आणि पत्रातल्या पत्त्यावर ईमेल केली. मूळ कागद स्पीड पोस्टानं गेला.

सोळा तारखेला दुपारी फोन आला. पत्र पाठवणाऱ्या कार्यालयातले कर्नल होते. आप्पा फोन कानाला लावून उभे राहिले. मी खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत.

बोलणं हिंदीत झालं. कर्नलनी सगळं पुन्हा विचारलं, धुकं किती दिवस होतं, दोर किती जाड होता, ओढताना खाली गवत होतं की माती. शेवटी विचारलं, "हवालदार, इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"साब, मी त्या दिवशी हो म्हणालो होतो," आप्पा म्हणाले. "त्यानंतर कुणी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही."

कर्नल म्हणाले, की काम थांबवलं आहे, तुकडी येईल, तोपर्यंत शेतात कुणी जाणार नाही. जबाबाचं पुढं काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील. त्याबद्दल आपण आज काही सांगू शकत नाही.

"ते ठरवू देत साब," आप्पा म्हणाले. "खड्डा थांबला न्हवं?"

शेवटचं वाक्य मराठीतच गेलं. कर्नलना ते कळलं असावं, कारण ते "हाँ, रुका है" म्हणाले.

त्यानंतर दोन आठवडे काही आलं नाही. आप्पा रोज सकाळी अंगणात बसून पोस्टमनची वाट बघायचे, जरी मी सांगितलं होतं की आलं तर ईमेलच येईल. एकदा मला विचारलं, की तुकडीनं नव्या जागेत बघताना कुणाला इजा झाली तर ते पत्रात लिहितात का. मी म्हणाले, लिहितील. त्यांनी मान हलवली आणि म्हशीकडं गेले.

सव्वीस जानेवारीला शाळेचे हेडमास्तर बोलवायला आले. आप्पा तयार होऊन बसले होते, पदकं लावली नव्हती. "या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं करा, गुरुजी," ते म्हणाले. हेडमास्तरांना वाटलं, गुडघ्यामुळं. झेंडा पंचायतीच्या एका सदस्यानं चढवला. आप्पा मागं पालकांच्या रांगेत उभे राहिले, काठी खाली ठेवून, दोन्ही हात सरळ. आक्का त्यांच्या डाव्या बाजूला होती, पडलेच तर धरता यावं इतक्या अंतरावर.

तीस तारखेला मी तासावरून परत आले तेव्हा ईमेल आलेली होती. घरी येऊन मी ती छापील प्रतीवरून वाचून दाखवली. आक्कानं चुलीतली लाकडं मागं ओढली, आवाज नको म्हणून. आप्पांनी रेडिओ बंद केला.

"आधी सांग, मानसं बरी हायत न्हवं?"

"सगळी बरी आहेत."

"वाच आता."

पत्र छोटं होतं. मी तारीख आणि क्रमांक सोडून मजकुरावर आले. अठ्ठावीस जानेवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. बांधाच्या रेषेवर एक सुरुंग मिळाला, जिवंत. जागेवरच निकामी केला. जमिनीखाली खोली अकरा सेंटिमीटर. खांबापासून अंतर ७४.८ मीटर.